दाखला काढण्याआधी आणि नंतर : महाराष्ट्रात होमस्कूलिंग कसं करायचं

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळा घरात आली आणि अनेक आई-वडिलांनी पहिल्यांदाच मुलाच्या शेजारी बसून पाहिलं, की त्याला नेमकं काय येतं आणि कुठे अडतं. तोवर होमस्कूलिंग, म्हणजे मुलाला शाळेत न पाठवता घरीच शिकवणं, ही वेगळ्या विचारांच्या मोजक्या घरांची गोष्ट होती. आता दिवसाचे चार तास टेनिस खेळणाऱ्या मुलीचं घर, दर दोन वर्षांनी बदली होणारं घर, वाचनात अडचण असलेल्या मुलाचं घर, वर्गात घुसमटणाऱ्या मुलाचं घर, अशी सगळी या वाटेवर दिसतात. 'स्वशिक्षण' ही होमस्कूलिंग करणाऱ्या पालकांची देशपातळीवरची संघटनाही आहे.

शिकवता येत नाही म्हणून होमस्कूलिंग फसलं, असं क्वचित होतं. पहिली ते आठवीचं गणित-भाषा शिकवणं सुशिक्षित आई-वडिलांना जमतं. फसतं ते दोन गोष्टींमुळे. मुलाला द्यायचा वेळ मोजलेला नसतो आणि कागदपत्रं वेळेवर केलेली नसतात. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा याच दोन गोष्टींना दिली आहे.

आधी सुट्टीत करून बघा

शाळा सोडल्याचा दाखला काढायची घाई करू नका. दिवाळीची सुट्टी आणि त्यानंतरची मे महिन्याची सुट्टी, या दोन्हींत प्रत्येकी दोन आठवडे घरी रीतसर शिकवून पाहा. रोज दोन ते तीन तास, ठरलेल्या वेळी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. दोन आठवड्यांनी तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. ठरलेल्या १४ दिवसांपैकी किती दिवस खरंच बसलात? किती वेळा आवाज चढला? मूल स्वतःहून किती वेळा काही विचारायला आलं? १४ पैकी १० दिवससुद्धा बसणं झालं नसेल, तर घराची घडी आधी बदला. दाखल्याचा विचार नंतर.

वेळेचा हिशेब असा धरा. सहा ते आठ वर्षांच्या मुलाला रोज दीड-दोन तास बसून अभ्यास पुरतो. नऊ ते अकराला अडीच-तीन तास, बारानंतर चार. हे ऐकून शाळेच्या सहा तासांची सवय असलेले आजी-आजोबा दचकतात. पण वर्गातल्या सहा तासांत हजेरी, रांगा, फळ्यावरचं उतरवून घेणं आणि चाळीस जणांची वाट पाहणं असतं. घरी समोरासमोरचे दोन तास सगळेच्या सगळे कामी येतात, आणि होमस्कूलिंगचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. भागाकार समजेपर्यंत तीन आठवडे त्यावरच थांबता येतं, आणि समजला की पुढच्या धड्यासाठी वर्गाची वाट पाहावी लागत नाही. दुपार गाण्याला, मैदानाला, वाचनाला मोकळी राहते.

मात्र हे दोन तास देणारं माणूस ठरलेलं हवं. 'दोघं मिळून बघू' म्हटलं की बहुतेक घरांत सगळं आईवर येऊन पडतं आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात ती थकते. सोमवार ते शुक्रवार कोण, शनिवारी कोण, आई आजारी पडली तर कोण, हे आधी लिहून ठेवा. दोघंही दिवसभर नोकरीवर आणि घरी फक्त आजी, अशी स्थिती असेल तर आजी मुलाला प्रेमाने सांभाळेल, पण अभ्यासाची जबाबदारी तिच्यावर टाकणं अन्यायाचं आहे. अशा घराने शाळा सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अजून एक. मुलाला आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांतून प्रवेश मिळाला असेल तर दहादा विचार करा. हा प्रवेश शाळेच्या सुरुवातीच्या वर्गातच मिळतो. एकदा सोडलेली जागा तिसरी-चौथीत परत मिळत नाही.

कायदा काय म्हणतो

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि ६ ते १४ वयाच्या मुलांना लागू होतो. त्याच्या कलम १० मध्ये मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे. पण ते न पाळणाऱ्या पालकाला दंड किंवा शिक्षा सांगितलेली नाही. होमस्कूलिंगला या कायद्यात ना मान्यता आहे ना त्यासाठी शिक्षा, आणि त्याची कुठे नोंदणीही होत नाही. त्यामुळे 'होमस्कूलिंगचं सरकारी रजिस्ट्रेशन करून देतो' म्हणून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

याच कायद्यातलं कलम ४ तुमच्या कामाचं आहे. शाळेत न गेलेल्या किंवा शाळा अर्धवट सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क त्यात आहे. म्हणजे परतीचा दरवाजा उघडा राहतो. महाराष्ट्रात मात्र २०२३ पासून त्यात एक अट आली. सहावी ते आठवीत वयानुरूप प्रवेश घ्यायचा तर पाचवीची वार्षिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. म्हणून घरी शिकणाऱ्या मुलाची पाचवीची तयारी कधीही ढिली सोडू नका. परत जायचं नाही असं आज ठरलेलं असलं तरीही.

शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण होतं तेव्हा शिक्षक घरी येऊ शकतात. महिनाभराहून जास्त सलग गैरहजर असलेलं मूलही त्यांच्या यादीत येतं. ते त्यांचं काम करत असतात. दारातच वाद घालू नका. आत बोलवा, चहा द्या, मुलाची वर्षाची फाइल समोर ठेवा. मूल कामाला जात नाही, घरी शिकतंय, हे त्यांना डोळ्यांनी दिसलं की बोलणं बहुधा तिथेच संपतं. फाइल नसेल तर तुमच्याकडे दाखवायला काहीच नसतं.

दाखला : काय तपासायचं

दाखला काढण्याची योग्य वेळ वर्ष संपून निकाल लागल्यावर. वर्षाच्या मध्ये काढला तर चालू इयत्ता अपुरी राहते आणि फीचे वादही होतात. अर्जात कारण साधं लिहा : 'पालकांच्या विनंतीवरून'. ज्या शाळेत घालणार नाही तिचं नाव लिहू नका. पुढे चौकशी झाली तर ते खोटं ठरतं.

शाळा सोडल्याचा दाखला हातात आला की काउंटर सोडण्याआधी तिथेच वाचा. मुलाचं पूर्ण नाव, वडिलांचं आणि आईचं नाव जन्मदाखल्याशी अक्षरशः जुळतं का? जन्मतारीख अंकी आणि अक्षरी एकच आहे का? जन्मस्थळ, जात, धर्म, मातृभाषा, विद्यार्थ्याचा आयडी, शेवटची इयत्ता आणि प्रगतीचा शेरा हे सगळं भरलंय का? 'गायत्री' कुठे एका स्पेलिंगने आणि कुठे दुसऱ्या स्पेलिंगने असेल, तर तो फरक दहावीच्या अर्जात नडतो, आणि तेव्हा शाळेत नवे मुख्याध्यापक आलेले असतात. चूक असेल तर त्याच आठवड्यात लेखी अर्ज देऊन दुरुस्त करून घ्या. जनरल रजिस्टरमधल्या नोंदीचा उतारा, म्हणजे निर्गम उतारा, त्याच वेळी मागून घ्या. पाच प्रती काढा, मूळ प्रत लॅमिनेट न करता फोल्डरमध्ये ठेवा. प्रवेशाच्या वेळी मूळ दाखला जमा करावा लागतो आणि त्यावर शिक्का बसतो, म्हणून प्लास्टिक चढवू नये.

राखीव प्रवर्गातल्या घरांनी आणखी काळजी घ्यावी. जातीच्या दाखल्याला आणि पुढे जात पडताळणीला शाळेतली नोंद हा मोठा पुरावा असतो. मूल कधीच शाळेत गेलं नसेल तर त्याच्या नावावर अशी नोंदच नसते. तेव्हा वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांच्या प्राथमिक शाळेचा उतारा, नात्यातल्या कुणाचं वैधता प्रमाणपत्र, हे सगळं मूल लहान असतानाच गोळा करा आणि मुलाचा जातीचा दाखला सेतू केंद्रातून काढून ठेवा. अकरावीच्या प्रवेशाच्या धावपळीत हे जमत नाही.

पहिले तीन महिने

शाळेतून नुकतंच बाहेर पडलेलं मूल पहिले काही आठवडे काहीच करायचं म्हणत नाही. सकाळी उशिरा उठतं, कंटाळा आला म्हणतं, वही पाहिली की तोंड फिरवतं. होमस्कूलिंग करणाऱ्यांत एक ढोबळ हिशेब चालतो : जितकी वर्षं शाळेत, तितके महिने मोकळे. चौथीतून निघालेल्याला चार महिने. एवढं थांबणं सगळ्यांना जमत नाही. पण निदान दीड-दोन महिने पाठ्यपुस्तक उघडू नका. या काळात वेळ मोकाट सोडायचा नाही. उठण्या-जेवण्या-झोपण्याच्या वेळा पक्क्या, रोज अर्धा तास मोठ्याने वाचून दाखवणं, घरातलं एक काम मुलाच्या नावावर, आणि मोबाइल-टीव्ही दिवसातून ठरलेला तासभरच. मोबाइलचा नियम पहिल्या दिवशी घातला नाही तर सहाव्या महिन्यात घालता येत नाही.

मग वेळापत्रक. सकाळी आठ ते दोन घंटा वाजवून घरी शाळा भरवणं ही सगळ्यात सामान्य चूक. मूल शाळेतून निघतं आणि शाळाच मागे येते, त्यातही शिक्षक म्हणून आई. त्याऐवजी दिवसाचे तीन तुकडे करा. सकाळी ताज्या डोक्याने गणित आणि एक भाषा. जेवणाआधी वाचन. दुपारनंतर हाताचं काम, प्रयोग, चित्र, बाग, बाजार. विज्ञान आणि परिसर अभ्यास आठवड्यातून दोन दिवस लांब वेळ घेऊन करा, रोज अर्धा-अर्धा तास नको.

पुस्तकांसाठी पैसे ओतू नका. बालभारतीची पुस्तकं तिच्या संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात, एनसीईआरटीचीही. बालभारतीचंच 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं. त्याचे जुने अंक मराठी वाचनाला उत्तम. प्रयोगांसाठी, खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरची टाकाऊतून खेळणी घ्या, त्यातली कितीतरी काडेपेटी, सायकल ट्यूब आणि स्ट्रॉ एवढ्यावर होतात. महागडा परदेशी अभ्यासक्रम एकदम वर्षभराचा विकत घेण्याचा मोह आवरा. घरी कसं चालतंय हे कळायला सहा महिने लागतात, आणि तोवर त्या पेटीवर धूळ बसते.

एक पाठ जवळून : पावणेदोन

घरी शिकण्याचा फायदा नेमका कसा मिळतो, ते अपूर्णांकांत स्पष्ट दिसतं. मराठीत यासाठी घरचे शब्द आहेत : पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच. पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकीचे पाढेच पाठ करून घेत. आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी हे घ्या : एक लिटरचं माप, २५० मिलीचा एक ग्लास आणि पातेलं. सांगा, 'पातेल्यात पावणेदोन लिटर पाणी ओत.'

मूल दोन रीतींनी करेल. एक लिटर ओतून वर तीन ग्लास घालेल, किंवा दोन लिटर ओतून एक ग्लास काढून घेईल. दोन्ही बरोबर, आणि दुसरी रीत केली तर तिथेच शब्द फोडून दाखवा : पावणे म्हणजे पाव उणे. दोनात पाव कमी. मग सगळं ग्लासाने मोजायला लावा. सात ग्लास. आता कागद घ्या : १ पूर्णांक ३/४, मग ७/४, मग १.७५ लिटर, मग १७५० मिली. आधी ओतणं, मग शब्द, मग आकडा. हा क्रम उलटा केला की मुलं पाठ करतात आणि आठवड्याने विसरतात.

इथे दोन ठिकाणी हमखास चूक होते. 'दोन' ऐकू आल्यामुळे मूल पावणेदोन हे २.२५ किंवा २.७५ लिहितं. याला उपाय परत पाणीच. आणि घड्याळातले पावणेदोन १:४५ असतात, म्हणून लिटरलाही १.४५ लिहितं. तेव्हा सांगायचं, तासाचे भाग ६० आणि लिटरचे भाग १०००, म्हणून पाव तास १५ मिनिटं पण पाव लिटर २५० मिली. हे एकदा डोक्यात बसलं की पुढे दशांश चिन्हाची भीती राहत नाही.

हीच 'उणे'ची गोष्ट एकोणतीसला लागू आहे. 'तीस' ऐकून लहान मुलं ३९ लिहितात. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात संख्या दशक-एकक फोडून वाचण्याची रीत आणली, त्याचं कारण हेच होतं. घरी दोन्ही रीती चालू ठेवा. बाजारात भाजीवाल्या मावशी 'एकोणतीस'च म्हणणार आहेत.

फाइल

वर्षाला एक जाड फाइल. तीत चार गोष्टी.

रोजनिशी : दिवसाला तीन ओळी, जास्त नको. काय केलं, किती वेळ, कुठे अडलं. 'गणित केलं' असं लिहू नका. 'दोन अंकी भाजकाने भागाकार, ८ पैकी ५ बरोबर, शून्य मध्ये आला की चुकतं' असं लिहा. दोन महिन्यांनी हीच ओळ सांगते की काय परत घ्यायचं.

नमुने : प्रत्येक विषयाचे महिन्याला दोन कागद, तारीख घालून, चुकांसकट. फक्त सुबक कागद ठेवले तर प्रगती दिसत नाही.

वाचलेल्या पुस्तकांची यादी, मुलाच्या हाताने.

बाहेर केलेल्या गोष्टींचे पुरावे : शिबिराचं पत्र, स्पर्धेचं प्रमाणपत्र, भेट दिलेल्या किल्ल्यावर मुलाने काढलेलं चित्र.

शिवाय महिन्यातून एकदा तासाभराची पडताळणी. वयाच्या इयत्तेच्या बालभारती पुस्तकातलं न वाचलेलं पान मोठ्याने वाचायला द्या, त्यावर पाच प्रश्न विचारा, आणि दहा गणितं द्या ज्यांत तीन मागच्या वर्षाची असतील. रागवायचं नाही, मार्कही सांगायचे नाहीत. फक्त तुमच्या वहीत नोंद. सलग तीन महिने मागच्या वर्षाचीच गणितं चुकत असतील तर पुढचा धडा थांबवा. गणितातली भेग दिसायला दोन वर्षं लागतात आणि भरायला तेवढीच.

मित्र, स्पर्धा, परीक्षा

'मुलाला मित्र कसे मिळणार?' हा प्रश्न नातेवाईक लग्नाच्या पंगतीतही विचारतात, आणि प्रश्न खरा आहे. सात वर्षांच्या मुलाला सोसायटीतलं मैदान पुरतं. अकरा ते तेरा या वयात पुरत नाही, कारण तेव्हा बाकीच्यांचं सगळं बोलणं वर्गाभोवती फिरतं. आठवड्यातून निदान तीन दिवस, तीच मुलं, तीच जागा, असं काहीतरी हवं : कबड्डीचा किंवा मल्लखांबाचा संघ, गाण्याचा वर्ग, ढोलपथक, गिर्यारोहणाचा गट. एकदाच भेटणाऱ्या शिबिरांतून मैत्री होत नाही. जवळपासची दोन-तीन होमस्कूलिंग करणारी घरं मिळून आठवड्यातला एक दिवस एकत्र शिकलं तर पालकांचाही भार हलका होतो.

काही परीक्षा शाळेमार्फतच भरायच्या असतात. शासनाची शिष्यवृत्ती परीक्षा त्यातलीच, आणि शालेय क्रीडा स्पर्धांतही शाळेच्या नावाशिवाय उतरता येत नाही. खेळाडू मुलाच्या पालकांनी हे आधी समजून घ्यावं, आणि त्या खेळाच्या जिल्हा संघटनेच्या वयोगटाच्या स्पर्धांवर भर द्यावा. दुसरीकडे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत-नृत्याच्या परीक्षा गुरूंमार्फत देता येतात. अशी दोन-तीन प्रमाणपत्रं मुलाला बाहेरच्या परीक्षकासमोर बसण्याची सवय लावतात, आणि ती सवय दहावीला फार लागते.

एखादा विषय मुलाने धरलाच तर तो किती खोल जाऊ शकतो, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. शाळा सोडून घरी शिकलेली मुंबईची एक मुलगी प्रोग्रामिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तीन पदकं मिळवून २०१६ मध्ये एमआयटीत गेली. तेव्हा तिच्याकडे दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नव्हतं. पण हे उदाहरण बघून बोर्डाच्या परीक्षा टाळू नका. भारतातल्या बहुतेक कॉलेजांची पहिली अट बारावी आहे.

दहावीचे रस्ते

महाराष्ट्रात तीन रस्ते जवळचे. राज्य मंडळाची दहावी खाजगी विद्यार्थी म्हणून, १७ नंबरचा फॉर्म भरून देता येते. त्याला शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो, म्हणून शाळेत थोडं तरी गेलेल्या मुलाला तो सोयीचा. अर्जाची मुदत साधारण पावसाळ्यात येते आणि फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेसाठी असते. ती चुकली की वर्ष गेलं.

दुसरा, महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ. तिथे पाचवी आणि आठवीच्या पातळीच्याही परीक्षा आहेत. पाचवीला वय १० पूर्ण, आठवीला १३. घरी शिकणाऱ्या मुलासाठी मधले सरकारी टप्पे मिळतात हा मोठा फायदा. शाळेत परत जायची शक्यता असेल तर हे टप्पे घ्याच.

तिसरा आणि सगळ्यात वापरला जाणारा, एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. १९८९ मध्ये नॅशनल ओपन स्कूल म्हणून सुरू झाली. तिचे अ, ब, क हे खालचे स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे आहेत. पण ते घेतले नाहीत तरी दहावीला अडत नाही. दहावीसाठी वय १४ पूर्ण हवं. एप्रिल-मेच्या परीक्षेच्या तुकडीला ३१ जानेवारी आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या तुकडीला ३१ जुलै ही वयाची तारीख धरतात. आठवी पासचं प्रमाणपत्र नसेल तर दहावीचा अभ्यास झेपेल एवढं शिकणं झालंय, असं स्वयंघोषणापत्र चालतं. बाकी लागतं ते जन्मदाखला, आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि सही. नाव जन्मदाखल्यावर आहे तसंच भरा. मार्कशीटवर तेच उमटतं.

विषय किमान पाच, त्यात एक भाषा हवीच, दोन भाषा घेता येतात. जास्तीचे आणखी दोन. राज्य मंडळासारखी बांधणी हवी तर (पुढचे आकडे एनआयओएसचे विषय क्रमांक) मराठी २०४, इंग्रजी २०२, गणित २११, विज्ञान व तंत्रज्ञान २१२, सामाजिक शास्त्रे २१३. माध्यम मराठीही निवडता येतं. चित्रकला २२५, मानसशास्त्र २२२, गृहविज्ञान २१६ असे विषय मोहवतात, आणि आवड असेल तर सहावा म्हणून जरूर घ्या. पण अवघड वाटतं म्हणून गणित-विज्ञान सोडायचा निर्णय चौदाव्या वर्षी घेऊ नका. विज्ञान शाखेचा रस्ता तिथेच बंद होतो.

नोंदणी पाच वर्षं टिकते आणि त्यात नऊ वेळा परीक्षेला बसता येतं. म्हणून सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही. दोन विषय ऑक्टोबरला, तीन एप्रिलला अशी विभागणी खूप जणांना मानवते. पासाला ३३ टक्के लागतात, आणि लेखी व प्रात्यक्षिक वेगवेगळं पास व्हावं लागतं. गणितालाही प्रात्यक्षिक आहे, हे लक्षात न आल्याने मुलं त्या दिवशी गैरहजर राहतात.

टीएमए, म्हणजे घरी करून पाठवायचे गृहपाठ, यांना २० टक्के भार आहे. पुस्तकातले सुमारे ४० टक्के धडे टीएमएसाठी आणि ६० टक्के परीक्षेसाठी असे वाटून दिलेले असतात. ती यादी आधी उतरवून घ्या आणि पुस्तकाच्या अनुक्रमणिकेवर दोन रंगांनी खुणा करा. एप्रिलच्या परीक्षेसाठी टीएमए ३१ जानेवारीपर्यंत आणि ऑक्टोबरसाठी ३१ जुलैपर्यंत द्यायचे असतात. शेवटच्या आठवड्यात संकेतस्थळ संथ होतं, म्हणून दहा दिवस आधी पाठवा आणि पोच जपून ठेवा. शुल्क आणि प्रवेशाच्या तारखा बदलतात, त्या वर्षाची माहितीपुस्तिकाच प्रमाण मानायची.

हात लिहिता ठेवा

हुशार होमस्कूलर दहावीत मार्क गमावतो तो बहुतेक एकाच कारणाने : त्याने आयुष्यात कधी सलग तीन तास लिहिलेलं नसतं. घरी उत्तरं तोंडी होतात, टाइप होतात, चर्चेत निघतात. परीक्षेत दीड तासाने बोटं आखडतात आणि शेवटचे २०-२५ मार्क कोरे राहतात. बाराव्या वर्षापासून आठवड्यातून एकदा २० मिनिटं घड्याळ लावून लिहायला बसवा. तेराव्या वर्षी ४५ मिनिटं, परीक्षेच्या आधीच्या सहा महिन्यांत दीड तास आणि मग पूर्ण तीन तास. प्रत्येक विषयाच्या मागच्या वर्षांच्या निदान तीन प्रश्नपत्रिका पूर्ण वेळ लावून, घराबाहेर, वाचनालयासारख्या ठिकाणी. पेनही तेच, जे परीक्षेत वापरणार. उत्तर किती मार्कांचं आहे त्यावर किती ओळी लिहायच्या, हेही घरी शिकलेल्या मुलाला कुणीतरी सांगावं लागतं. ते वर्गात ऐकून आपोआप कळतं, घरी कळत नाही.

अकरावीला

एप्रिल-मेच्या परीक्षेचा निकाल आणि अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया यांच्या तारखा एकमेकींना खेटून येतात. म्हणून शक्य असेल तर शेवटचा विषयही आधीच्या ऑक्टोबरमध्ये संपवा. उन्हाळ्यात मार्कशीट हातात असते. पास झाल्यावर एनआयओएसकडून स्थलांतर प्रमाणपत्र मिळतं, तेच शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या जागी कॉलेजात चालतं. अर्ज भरताना मंडळाच्या यादीत एनआयओएस निवडा, 'इतर' नको. पडताळणीला जाताना मूळ मार्कशीट, स्थलांतर प्रमाणपत्र, जन्मदाखला, आधार, अधिवास आणि असेल तर जातीचा दाखला, असं सगळं एका फोल्डरमध्ये न्या, आणि सोबत सहा-सात वर्षांपूर्वी काढून ठेवलेला तो शाळेचा जुना दाखलाही ठेवा. काही कॉलेजांत खिडकीवरचा माणूस तोच मागतो.